सॅनिटायझरच्या दोन बाटल्या संपल्या, तरी घरातले तिघे आडवे! कुठे चुकलं?

सुई_दोरा | शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली ती अशा विषयावर. जेवता जेवता वाचू नका.

गेल्या रविवारी रात्री दोनच्या सुमारास सासऱ्यांना उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. वय ७४. डॉक्टर म्हणाले, पोटाचा व्हायरस आहे, पाणी कमी पडू देऊ नका. त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं आणि दोन दिवसांत बाबा सावरले.

पण मंगळवारी रात्री मुलगा, बुधवारी पहाटे नवरा आणि बुधवारी रात्री मी. एकामागून एक तिघे आडवे.

आता मला खरंच कळत नाहीये की आणखी काय करायला हवं होतं. बाबांची खोली वेगळी, ताट-वाटी-पेला वेगळा. घरात चार ठिकाणी सॅनिटायझर ठेवला होता, बाबांच्या खोलीतून बाहेर पडताना प्रत्येक जण हाताला लावत होता. दोन मोठ्या बाटल्या संपल्या. फरशी दिवसातून तीनदा फिनाईलने पुसली. घराला इस्पितळाचा वास येत होता, तरी हे असं.

बाबांना बरं नसतं तेव्हा सगळं माझ्याच अंगावर असतं, त्यामुळे हे जरा मनाला लागलंय. जाणकारांनी सांगा.

कोरा_कागद | शनिवार, सकाळी ९:३२

अरेरे. आता बरी आहेस ना? आधी स्वतः नीट पाणी पी, धागा कुठे पळून जात नाही.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी १०:०५

ताई, मी नर्स आहे, चौदा वर्षं वॉर्डात काढलीत. उत्तर देते, पण आधी थोडी उलटतपासणी. राग मानू नका.

पहिली उलटी कुठे झाली आणि ती कशाने पुसली? पुसलेलं फडकं कुठे धुतलं? त्या तीन दिवसांत साबणाने हात किती वेळा धुतले, म्हणजे सॅनिटायझर सोडून? संडास एकच आहे का?

सुई_दोरा | शनिवार, सकाळी १०:२०

राग कसला.

पलंगाशेजारच्या सतरंजीवर झाली. अंधारात हाताला लागलं ते पायपुसणं घेऊन पुसलं आणि ते बादलीत भिजत टाकलं. सतरंजी दुसऱ्या दिवशी गॅलरीत झटकली, मग धुतली. संडास एकच. आणि साबणाने हात… खरं सांगू का, सॅनिटायझर होताच की, त्यामुळे साबण फक्त स्वयंपाकाआधी.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी १०:५८

सापडलं बरंचसं.

तपासणी केल्याशिवाय कोणता विषाणू ते छातीठोक सांगता येत नाही. पण अचानक उलट्या, दोन दिवसांत उतार, आणि एक-दोन दिवसांच्या अंतराने घरातल्यांची रांग लागणं, ही नोरोव्हायरसची नेहमीची चाल. त्याची लागण झाल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण १२ ते ४८ तास लागतात. तुमचे वार त्यात बसतात.

सॅनिटायझरचं असं आहे की फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं वेष्टन असतं. अल्कोहोल ते वेष्टन मोडतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला हे वेष्टनच नाही. त्याच्यावर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. साबण-पाण्याचा फायदा वेगळा आहे, तो विषाणू मारत बसत नाही, हातावरून सोडवून मोरीत वाहून नेतो. म्हणून चोळणं महत्त्वाचं: बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांखाली. निदान वीस सेकंद चोळा. ओले करण्यापासून कोरडे करण्यापर्यंत सगळं नीट केलं तर ४० ते ६० सेकंद जातात. घड्याळ लावून बघा, आपण सगळे दहा सेकंदांत उरकतो.

आणि ती सॅनिटायझरची बाटली आठवा जरा. बाबांच्या खोलीतून येणारा प्रत्येक जण आधी कशाला हात लावत होता? पंपाच्या त्या टोपीलाच ना? एकदा भिंग घेऊन बघितलीत तर टोपीवरचा चिकट थर दिसेल.

आता उलटी. आजारी माणसाच्या उलटीत आणि शौचात हे विषाणू प्रचंड संख्येने असतात आणि निरोग्याला आजारी पाडायला शंभराच्या आतलेसुद्धा पुरतात. उलटी होते तेव्हा बारीक तुषार दिसणाऱ्या डागाच्या बरेच पलीकडे उडतात. पलंगाचा पाय, भिंतीचा खालचा भाग, चपला, सगळं त्यात आलं. सतरंजी झटकलीत तिथे जे वाळलं होतं ते पुन्हा हवेत गेलं. आजाऱ्याचं काहीही झटकायचं नाही. गुंडाळी करायची, घाण आतल्या बाजूला, अंगापासून लांब धरून सरळ धुवायला.

फिनाईलबद्दल संध्याकाळी लिहिते, ड्यूटीची वेळ झाली.

जुनी_खोड | शनिवार, सकाळी ११:४०

हे सगळं वाचूनच आजारी पडायला झालं. आम्ही पाच भावंडं एका चादरीत वाढलो. कुणाला ताप आला की बाकीच्यांना यायचा, आठवड्यात सगळे बरे. शंभर विषाणू मोजत बसलो नाही कधी. प्रतिकारशक्ती नावाची काही गोष्ट असते की नाही? (दिवे घ्या, म्हणजे हलक्यात घ्या.)

तळटीप | शनिवार, दुपारी १२:१५

काका, दिवे घेतले. पण "आम्ही वाचलो" हे जे वाचले तेच सांगू शकतात.

थोडं अवांतर: १८४७ साली व्हिएन्नातल्या एका प्रसूती विभागात बाळंतिणी तापाने पटापट जात होत्या. तिथले डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतपण करायला यायचे. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सगळ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण दोन-तीन महिन्यांत दोन टक्क्यांच्या घरात आलं. त्याचे सहकारी तरी मानायला तयार नव्हते, आमचे हात घाणेरडे कसे असतील म्हणून. तेव्हा जंतूंचा सिद्धांतही सर्वमान्य झाला नव्हता.

तुमच्या बाजूने एक म्हणेन. साध्या सर्दीला घरभर ब्लीच शिंपडत फिरणं हाही वेडेपणाच.

पाटी_पेन्सिल | शनिवार, दुपारी १:०२

अनुमोदन. आमच्याकडे लहान दोघं आहेत, म्हणजे कोणता ना कोणता व्हायरस कायम मुक्कामाला. फ्लूचा विषाणू प्लास्टिक-स्टीलसारख्या गुळगुळीत वस्तूंवर एक-दोन दिवस तग धरतो, कापडावर त्याहून बराच कमी, हे कळल्यापासून मी खेळण्यांतली मऊ टोपली सोडून कडक टोपलीकडे लक्ष देते. रिमोट, दाराची मूठ, दिव्याची बटणं, मोबाइल, बस. बाकी घर नेहमीसारखं.

कांजिण्यांनी मात्र शेंडी लावली. थोरलीच्या अंगावर पुरळ दिसल्या दिवशीच तिला वेगळं झोपवलं, तरी धाकट्याला व्हायच्या त्या झाल्याच. नंतर समजलं की पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत चालते. म्हणजे आम्ही कडी लावली तोवर चोर आत येऊन बसला होता.

खिडकीपाशी | शनिवार, दुपारी ३:२०

रात्रपाळी ताई ब्लीचवर येतीलच, त्याआधी माझी फजिती सांगून टाकते. फजिती कसली, जिवावर बेतलं होतं.

आईला जुलाब होत होते. संडासात ब्लीच ओतलं, डाग जाईना, म्हणून त्यावरच संडास साफ करायचं लिक्विड ओतलं. ते आम्लाचं असतं. क्षणात पिवळट वाफ आणि नाकात असा झणका बसला की श्वास आतच येईना. दार लोटून बाहेर पडले म्हणून वाचले. दोन दिवस खोकत होते. तो क्लोरीन वायू होता. अमोनिया असलेल्या काचा पुसायच्या द्रावणातही ब्लीच मिसळलं तर विषारी वायू निघतात.

तेव्हापासून आमच्याकडे ब्लीचची बाटली वेगळ्या फळीवर, आणि एका वेळी एकच बाटली न्हाणीघरात जाते.

मांजरप्रेमी | शनिवार, दुपारी ४:११

फिनाईलवरून आठवलं. घरात मांजर असेल तर फिनॉल असलेली जंतुनाशकं जपून वापरा. मांजराच्या यकृताला फिनॉलचा निचरा नीट करता येत नाही आणि ती ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटते. धाग्याशी संबंध थोडाच, पण घरचा सदस्य म्हटल्यावर आमचे बोकोबाही आले.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ९:४५

आले. खिडकीपाशी, बरं झालं तुम्ही लिहिलंत, मी सांगितलं असतं तर कोरडा उपदेश झाला असता.

फिनाईलच्या वासाने घर स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण नोरोव्हायरसला त्या वासाचं काही नाही. तिथे ब्लीच लागतं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पण ब्लीच घाणीवर ओतलं की त्याची ताकद त्या घाणीतच खर्च होते. म्हणून आधी घाण उचला, मग जागा साबणाच्या पाण्याने पुसा, मग ब्लीच. ही पायरी सगळे गाळतात.

हातात हातमोजे, नसतील तर प्लास्टिकच्या जाड पिशव्या. तोंडावर मास्क. उलटीवर कागदी रुमाल किंवा टाकाऊ कापड पसरायचं, कडेकडून मध्याकडे गोळा करायचं, पिशवीत भरून गाठ. मधून कडेकडे गेलात तर पसरवलंत. मग साबणाचं पाणी, मग ब्लीचचं पाणी ओतून पाच-दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. लगेच कोरडं पुसलं तर उपयोग नाही. हातमोजे काढले तरी साबणाने हात धुवायचेच, कारण काढतानाच बोटं बरबटतात.

सतरंजी-गादीवर ब्लीच चालत नाही, रंग जातो. तिथे साबण-पाणी आणि जमेल तितकी उष्णता. चादरी-अभ्रे वेगळे, कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात. मशीनला सोय असेल तर ६० अंश सेल्सिअस, आणि पूर्ण कडकडीत वाळवायचे. दमट घडी घालून ठेवू नका.

आणि एक. त्रास थांबला म्हणजे संपलं असं नाही. शेवटच्या उलटी-जुलाबानंतर निदान ४८ तास त्या माणसाने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. शौचावाटे विषाणू त्यानंतरही दोन आठवडे किंवा जास्त बाहेर पडत राहू शकतो, म्हणून संडासानंतरचा साबण सोडायचा नाही. फ्लश करताना झाकण खाली.

तळटीप | शनिवार, रात्री १०:२०

प्रमाणाचं गणित मी लिहितो, कारण "दोन झाकणं टाका" या सल्ल्याने घोळ होतो. बाटलीवर टक्केवारी बघा, सगळ्या सारख्या नसतात. समजा ५ टक्के आहे. २० मिली ब्लीचमध्ये पाणी घालून एक लिटर केलं तर ०.१ टक्का, हे पुसून स्वच्छ केलेल्या मुठी, नळ, फरशी यांना. १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी केलं तर ०.५ टक्का, हे उलटी, जुलाब, रक्त सांडलं त्या जागेला. पाणी गार घ्या, गरम पाण्यात ते लवकर निकामी होतं. रोज ताजं करा, उरलेलं ओतून टाका. वर्षभर उघडी पडलेली किंवा उन्हात ठेवलेली बाटली असेल तर हे गणित फुकट.

उंबरा | शनिवार, रात्री ११:३५

सगळं वाचलं. एका गोष्टीवर लिहावंसं वाटतंय, ते म्हणजे "वेगळं ताट".

माझ्या काकाला टीबी झाला होता तेव्हा मी नववीत होतो. घरात त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, पेल्याला तळाशी लाल रंगाचा ठिपका लावला होता, चुकून कुणी उचलू नये म्हणून. तो बरा झाला, पण ठिपक्याचा पेला पुढे वर्षभर तसाच राहिला. कुणी मुद्दाम ठेवला नाही, कुणी मुद्दाम काढलाही नाही. काका अजून आमच्या घरी आला की पाणी ओंजळीने पितो. गमतीने करतो असं म्हणतो.

आणि टीबी भांड्यांतून पसरतच नाही! तो हवेतून पसरतो, खोकल्यातून. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं ते १८८२ साली, म्हणजे माहिती काही कालची नाही. करायचं होतं ते वेगळंच: खिडक्या उघड्या, खोलीत हवा खेळती, ऊन आत, खोकताना तोंडावर मास्क किंवा रुमाल, आणि औषधाची एकही गोळी न चुकणं. योग्य औषधं सुरू झाली की बहुतेकांची लागण पसरवण्याची क्षमता काही आठवड्यांत खूप घटते, कधी ते डॉक्टर सांगतात. आमच्याकडे थंडी लागेल म्हणून त्याची खिडकी बंद आणि ताट वेगळं. नेमकं उलट केलं.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:५०

उंबरा, पेल्याचं वाचून थांबले थोडी.

वॉर्डात आम्हाला पहिला प्रश्न हाच शिकवतात, हा रोग बाहेर कुठून पडतो आणि दुसऱ्याच्या आत कुठून शिरतो. तोंडावाटे शिरणारा असेल तर हात, संडास, स्वयंपाकघर. श्वासावाटे असेल तर खिडकी आणि मास्क. त्वचेचा असेल, उदाहरणार्थ खरूज, तर अंथरूण, टॉवेल, कपडे. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून जास्त सहसा टिकत नाही. म्हणून जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवलं तरी पुरतं. आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध लावायचं, खाज नसली तरी.

कोरा_कागद | रविवार, सकाळी ८:१५

आमच्याकडे हे सगळं उलट्या दिशेने चालतं. आईची केमो सुरू आहे. तिच्यापासून आम्हाला नाही, आमच्यापासून तिला जपायचं. घरात कुणी शिंकलं तरी मी कावरीबावरी होते.

पण एक गोष्ट मला दुसऱ्या सायकलपर्यंत, म्हणजे औषधाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत, कुणी सांगितली नव्हती. केमोनंतर साधारण ४८ तास तिच्या लघवीत, शौचात, उलटीत औषधाचे अंश असतात. ते पुसताना हातमोजे, संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश, आणि तिचे खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. वहिनी गरोदर होती आणि पहिल्या वेळी तीच आईचं सगळं काढत होती. सुदैवाने काही झालं नाही, पण आठवलं की पोटात गोळा येतो. औषधागणिक मुदत बदलू शकते, तेव्हा आपापल्या डॉक्टरांना विचारा.

दुपारचा_चहा | रविवार, सकाळी १०:४०

अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बाबा दीड वर्ष झोपून आहेत.

सुरुवातीला मी वासाच्या मागे लागलो होतो. उदबत्ती, स्प्रे, काय काय. मग घरी येणाऱ्या परिचारिकेने एक दिवस पांघरूण वर केलं आणि माकडहाडाजवळची लाल जागा दाखवली. बोटाने दाबली तरी पांढरी पडत नव्हती. म्हणाली, ही सतत झोपून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे; वास नंतर, हे आधी. तेव्हापासून दर दोन तासांनी कूस बदलतो, भिंतीवर पाटी लावलीय: डावी, पाठ, उजवी, आणि वेळ. लघवी लागून त्वचा ओली राहिली की ती मऊ पडते आणि सोलते, म्हणून डायपर भरायची वाट बघायची नाही. पुसायचं ते चोळून नाही, टिपून.

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला हवी, पण जमिनीला टेकलेली नको. उचलताना मी ती एकदा त्यांच्या पोटावर ठेवली होती, सोयीसाठी. केवढी बोलणी खाल्ली! लघवी उलटी आत गेली तर संसर्गाचा धोका असतो. आणि इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, कचऱ्याच्या पिशवीत नाही. कचरा उचलणाऱ्याचा हात आपल्याला दिसत नाही एवढंच.

वास आपोआप गेला, उदबत्तीशिवाय.

जुनी_खोड | रविवार, सकाळी ११:०५

वरचं सगळं वाचून माझे शब्द मागे घेत नाही, पण थोडे सरकवतो. हात धुवायला आमचीही ना नव्हती.

सुई_दोरा | रविवार, संध्याकाळी ६:३०

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट सांगायचीच आहे.

उंबरा यांचं वाचून रात्री झोप लागली नाही. सकाळी बाबांचं वेगळं ठेवलेलं ताट रोजच्या भांड्यांत मिसळलं, चांगलं घासून. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर मात्र स्वतःहून म्हणाले, "सूनबाई, तुला एक सांगायचं राहिलं."

त्या रविवारी दोनच्या आधी एकदा उलटी झाली होती. सव्वाच्या सुमारास, त्यांच्या टॉवेलवर. आम्ही जागे होऊ नये म्हणून ते अंधारात चाचपडत उठले. संडासाचं दार करकरतं, म्हणून तिकडे न जाता स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये टॉवेल पिळून धुतला आणि ओट्यावरच्या फडक्याला हात पुसले. सकाळी मी त्याच फडक्याने मुलाचा डबा पुसला.

मी आठवडाभर त्यांच्या खोलीचा उंबरठा राखत बसले होते.

चिडावं की काय करावं कळेना. "मला उठवायचं की," एवढंच म्हटलं. म्हणाले, "तू नुकतीच झोपली होतीस."

आता पलंगाशेजारी झाकणाची बादली ठेवलीय, टॉर्च आणि उशाशी घंटी. घंटी नातवाच्या जुन्या सायकलची आहे, त्यामुळे ती वाजवायला त्यांना फारशी लाज वाटणार नाही असा अंदाज. संडासाच्या बिजागरीत तेल घातलं. ओट्यावरचं फडकं फेकून दिलं. सिंक आणि नळाची मूठ तळटीप यांच्या गणिताने पुसून काढली.

रात्रपाळी | रविवार, संध्याकाळी ७:१०

बिजागरीचं तेल सगळ्यात आवडलं. पण तुमचा त्रास कधी थांबला? ४८ तास झाले का? आज स्वयंपाक कोण करतंय?

सुई_दोरा | रविवार, संध्याकाळी ७:२२

माझे उद्या सकाळी होतात. आज नवरा करतोय, त्याला गुरुवारपासून काही नाही. तो हात धुतोय आणि मी दारात उभी राहून मोजतेय. चौदाला नळ बंद करायला निघाला होता, परत पाठवला.